छोट्या व्यावसायिक कार्यालयासाठी प्लॉटर निवडताना: गरज मोजण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सर्वेक्षक किंवा इंटिरियर डिझायनर यांच्या चार-पाच माणसांच्या कार्यालयात प्लॉटर घेण्याचा विषय निघाला, की बोलणे लगेच वेगावर आणि रिझोल्यूशनवर जाते, कारण माहितीपत्रकात तेच आकडे ठळक छापलेले असतात. अशा कार्यालयातला प्लॉटर मात्र महिन्यातले बहुतेक दिवस बसून असतो, आणि ड्रॉइंगचे संच द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून एकदम साठ-सत्तर शीट काढून घ्यायच्या असतात. बसून राहिल्यावर त्याची शाई आणि प्रिंटहेड (शाई कागदावर सोडणारा भाग) कसे टिकतात आणि त्या एका संध्याकाळी तो मध्येच अडतो की नाही, या दोन प्रश्नांभोवती पुढची निवड फिरते. येथे प्लॉटर म्हणजे रोलच्या कागदावर नकाशे आणि ड्रॉइंग छापणारे यंत्र. व्हिनाइल कापणारा कटिंग प्लॉटर हा वेगळा प्रकार असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

पहिली पायरी: सहा महिन्यांचा हिशेब मांडणे

बाहेरून काढलेल्या प्रिंटची बिले आणि पाठवलेल्या फाइल समोर घेऊन मागच्या सहा महिन्यांचा तक्ता करावा. त्यात प्रत्येक वेळी शीटचा आकार काय होता, प्रती किती काढल्या, काम नुसत्या रेषांचे होते की त्यात रंगीत भराव किंवा छायाचित्रे होती, आणि कागद साधा होता की ट्रेसिंग, एवढ्या नोंदी पुरतात. महिन्याची सरासरी काढावी, पण त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सर्वांत गर्दीच्या दिवसाची संख्या. वीस शीटचा संच तीन प्रतींत द्यायचा असेल तर तो ए-१ आकाराच्या साठ शीटचा दिवस असतो. तो महिन्यातून एकदाच येत असला तरी यंत्र त्या दिवसाला पुरले पाहिजे. याच तक्त्यात दोन प्रिंटमधला सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता, तेही लिहून ठेवावे. शाईचा प्रकार ठरवताना हा आकडा कामाला येतो, आणि तो सहसा कोणी मोजत नाही.

मग यंत्र घ्यावे की नाही, याचे गणित करावे. बाहेर एका ए-१ शीटला जे पैसे पडतात ते १ एकक धरा. स्वतःच्या यंत्रावर त्याच शीटचा कागद, शाई आणि देखभाल मिळून ०.४ एकक पडत असेल, तर प्रत्येक शीटमागे ०.६ एकक वाचतात. यंत्राची किंमत १२०० एकक असेल, तर ती भरून निघायला २००० शीट काढाव्या लागतील. महिन्याला ४० शीट निघत असतील तर त्याला ५० महिने लागतात; १५ शीट निघत असतील तर अकरा वर्षांहून अधिक, आणि तोवर ते यंत्र चालू राहीलच असे धरून चालता येत नाही. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, आपले आकडे घालून गणित पुन्हा करावे. अर्थात, रात्री उशिरा दुरुस्त केलेली शीट लगेच कागदावर पाहता येणे याची किंमत या गणितात बसत नाही, आणि माझ्या मते पुष्कळ कार्यालये खरे तर त्यासाठीच प्लॉटर घेतात. ते कारण योग्यच आहे. फक्त बचतीच्या नावाखाली ते लपवू नये.

दुसरी पायरी: रुंदी ठरवणे

ए-० शीट ८४१ × ११८९ मि.मी. आणि ए-१ शीट ५९४ × ८४१ मि.मी. असते. बाजारातली लहान यंत्रे मुख्यतः दोन रुंदींची येतात: २४ इंच म्हणजे ६१० मि.मी., आणि ३६ इंच म्हणजे ९१४ मि.मी. पहिल्यावर ए-१ पर्यंतचे काम होते, दुसऱ्यावर ए-० सुद्धा. यापुढच्या ४२ आणि ४४ इंची यंत्रांची गरज ड्रॉइंगच्या कामात क्वचितच पडते.

वर्षातून चार-सहा वेळा ए-० लागतो म्हणून ३६ इंची यंत्र घेण्याचा मोह होतो, पण तेवढ्या शीट बाहेरून काढणे बहुधा स्वस्त पडते. याला एक दुसरी बाजू आहे. ३६ इंची रोलवर ए-१ शीट आडवी बसते, म्हणजे रोलची लांबी ८४१ ऐवजी ५९४ मि.मी.च खर्च होते. ५० मीटरच्या २४ इंची रोलमधून ए-१ च्या ५९ शीट निघतात, तर तेवढ्याच लांबीच्या ३६ इंची रोलमधून ८४. गर्दीच्या संध्याकाळी साठ शीट काढताना पहिल्या यंत्रावर रोल संपून बदलावा लागेल, दुसऱ्यावर लागणार नाही. कागद मात्र रुंद रोलवर थोडा अधिक वाया जातो, कारण ए-१ आडवी ठेवल्यावर ७३ मि.मी.ची पट्टी रिकामी राहते. २४ इंचीवर ही पट्टी १६ मि.मी.चीच असते.

रुंदीशी निगडित एक बारकावा विकणाऱ्याकडून सहसा कळत नाही. बहुतेक यंत्रे कागदाच्या कडेला काही मिलिमीटर समास सोडतात. तो ५ मि.मी. धरला, तर नेमक्या ५९४ मि.मी. रुंदीच्या रोलवर छपाईला ५८४ मि.मी.च उरतात. ड्रॉइंगची चौकट पूर्ण ए-१ मापाची असेल आणि ड्रायव्हरमध्ये (संगणकातल्या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला असेल, तर सगळे ड्रॉइंग गुपचूप सुमारे पावणेदोन टक्के लहान होते. १:१०० प्रमाणातली दहा मीटरची भिंत कागदावर १०० मि.मी. भरायला हवी, ती ९८.३ मि.मी. भरते, आणि साइटवर कोणी त्यावर पट्टी ठेवली की गोंधळ सुरू होतो. ६१० मि.मी.च्या रोलवर दोन्ही समास सोडूनही ६०० मि.मी. उरतात, त्यामुळे ए-१ चे काम करणाऱ्याने हाच रोल घ्यावा. आपले ग्राहक २४ × ३६ इंचाच्या मापाची ड्रॉइंग मागत असतील तर मात्र २४ इंची रोलवरही हाच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी शीटच्या टेम्प्लेटमधली चौकट आत घ्यावी लागते किंवा रुंद यंत्राचा विचार करावा लागतो.

तिसरी पायरी: शाई, प्रिंटहेड आणि बसून राहणारे यंत्र

इंकजेटच्या शाईचे दोन मुख्य प्रकार आहेत. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. साध्या कागदावर पिगमेंटच्या रेषेची कड अधिक रेखीव येते, ती पाण्याला आणि उन्हाला चांगली टिकते, आणि साइटवर दमट हाताने हाताळली जाणारी शीट हीच शाई वाचवते. डाय शाई चकचकीत कागदावर रंग खुलवते, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की फुटते. यंत्रागणिक मिश्रण वेगळे असते: एचपीच्या टी६५० सारख्या यंत्रांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, एप्सनच्या टी३१७० मध्ये चारही शाया पिगमेंटच्या, तर कॅननच्या टीएम-२०० मध्ये पाचही शाया पिगमेंटच्या असतात. काम मुख्यतः काळ्या रेषांचे असेल तर या तिन्ही रचना चालतात. रंगीत झोनिंगचे नकाशे किंवा रंगांनी वेगळ्या केलेल्या प्लंबिंगच्या लाइन साइटवर जात असतील, तर सर्व रंग पिगमेंटचे असलेले बरे. चारपेक्षा अधिक रंगांची गरज ग्राहकाला दाखवायच्या रेंडरिंगसाठी (संगणकावर काढलेल्या हुबेहूब चित्रांसाठी) आणि छायाचित्रांसाठी असते; ड्रॉइंगसाठी नसते.

आता बसून राहण्याचा प्रश्न. प्रिंटहेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळली की रेषेत पांढऱ्या फटी पडतात, आणि त्या साफ करताना यंत्र शाईच ओढून बाहेर टाकते. ही टाकलेली शाई मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये किंवा आतल्या पॅडमध्ये जमा होते. म्हणजे महिन्यात दहाच शीट काढणाऱ्या कार्यालयात शाईचा मोठा भाग कागदावर न उतरताच संपू शकतो. विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारावेत. यंत्र वीज चालू असताना आपोआप साफसफाई करते का आणि किती वेळाने? मेंटेनन्स कार्ट्रिज आपल्याला बदलता येते की तंत्रज्ञ बोलवावा लागतो? प्रिंटहेड वापरणाऱ्याला बदलता येतो का? एचपी आणि कॅननच्या बऱ्याच यंत्रांत हेड घरच्या घरी बदलता येतो, त्यामुळे हेड हा एक सुटा भाग समजून त्याची किंमत आधीच हिशेबात धरता येते. एप्सनच्या पिझो पद्धतीच्या (विजेने आकार बदलणाऱ्या घटकाने शाई ढकलणाऱ्या) हेडचे आयुष्य दीर्घ धरलेले असते, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तो बदलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. यांतली कोणतीही एक पद्धत सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. सेवा केंद्र दूर असेल तर मी हेड स्वतः बदलता येणारे यंत्र घेण्याकडे झुकेन.

कार्ट्रिजच्या आकाराकडेही पाहावे. लहान यंत्रांच्या रंगीत कार्ट्रिज २५-३० मि.लि.च्या येतात, तर थोड्या मोठ्या यंत्रांत १३० आणि ३०० मि.लि.च्या बसतात. दर मिलिलिटरचा भाव काढला की लहान कार्ट्रिज जवळजवळ नेहमीच महाग ठरते, म्हणून स्वस्त यंत्र आणि महाग शाई ही जोडी भरपूर छापणाऱ्याला परवडत नाही. थोडे छापणाऱ्याची गोष्ट उलट आहे. मोठी कार्ट्रिज मुदत उलटून गेली तरी अर्धी भरलेली राहते, त्यामुळे त्याने लहानच घ्यावी. शिवाय नव्या यंत्रासोबत येणाऱ्या कार्ट्रिज बहुधा कमी भरलेल्या असतात आणि त्यातली बरीच शाई पहिल्या वेळी आत भरण्यातच जाते, हे पहिल्या महिन्याचा खर्च पाहून घाबरू नये म्हणून आधीच माहीत असावे. दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त शाईवर सगळे गणित बेतायचे असेल, तर फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) अशी कार्ट्रिज नाकारते का ते विचारावे. आज चालणारी कार्ट्रिज उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असे नाही.

चौथी पायरी: वेग आणि फाइल

‘ए-१ शीट २५ सेकंदांत’ हा आकडा बहुधा सर्वांत हलक्या मोडचा, नुसत्या रेषांच्या ड्रॉइंगचा असतो, आणि फाइल समजून घ्यायला, यंत्र तयार व्हायला आणि शीट कापायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. साध्या ड्रॉइंगला हे बाधत नाही. पण पीडीएफमध्ये उपग्रहचित्र, पारदर्शक रंग आणि दाट हॅच (रेषांचा भराव) एकत्र आले, की कमी मेमरीचे यंत्र अडखळते किंवा शीटच्या मध्यावर थांबते, आणि तेवढ्या थांबण्याने त्या जागी आडवा पट्टा उमटतो. यंत्राला कोणत्या भाषा, म्हणजे ड्रॉइंगच्या सूचना लिहिण्याच्या कोणत्या पद्धती, थेट कळतात, तेही येथेच पाहावे. एचपीजीएल-२ ही रेषाप्रधान ड्रॉइंगसाठी पुरेशी आहे. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ थेट समजणारी यंत्रे महाग असतात, पण सल्लागारांकडून आलेल्या भरगच्च पीडीएफ रोज छापणाऱ्याला तो खर्च सोसावा लागतो. तशा फाइल नसतील तर पीडीएफ यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कार्यालयातला संगणक करतो आणि अडचण येत नाही.

पाचवी पायरी: स्वतःच्या फाइलची चाचणी

प्रात्यक्षिकाला जाताना विक्रेत्याचे रंगीबेरंगी पोस्टर पाहण्यात वेळ घालवू नये. पेन ड्राइव्हमध्ये तीन फाइल न्याव्यात: रोजचे एक साधे ड्रॉइंग, आपल्याकडची सर्वांत जड पीडीएफ आणि खास तयार केलेली एक चाचणी शीट.

या चाचणी शीटवर ५०० मि.मी. बाजूचा चौरस आणि त्याचे दोन्ही कर्ण काढावेत. यंत्रे लांबीच्या अचूकतेसाठी बहुधा ±०.१ टक्का सांगतात, म्हणजे बाजूत अर्धा मिलिमीटर फरक चालेल; कर्ण ७०७.१ मि.मी. भरायला हवेत आणि दोन्ही सारखे असले पाहिजेत. कर्णांत फरक असेल तर कागद तिरका ओढला जातो आहे. चौरसाच्या आत ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.५ मि.मी. जाडीच्या रेषा उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांत काढाव्यात. या मालिकेतली प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट असते, तेच प्रमाण ए मालिकेतल्या लगतच्या कागदांच्या बाजूंत असते, म्हणून शीट एक आकार लहान केली की ०.३५ ची रेषा ०.२५ ची होते. ए-१ चे ड्रॉइंग ए-३ वर अर्ध्या मापात काढण्याची सवय असेल तर ०.१३ ची रेषा ०.०६५ ची होते, आणि ती अखंड दिसते की ठिपक्यांसारखी तुटते, हे त्याच ठिकाणी कळते. एका कोपऱ्यात २ मि.मी. उंचीची अक्षरे काळ्यावर पांढरी आणि पांढऱ्यावर काळी लिहावीत, आणि दुसऱ्या कोपऱ्यात फिकट करड्या रंगाचा एक मोठा भरीव आयत ठेवावा.

शीट बाहेर आली की ती खिडकीपाशी नेऊन पाहावी. कागद सरकण्याच्या दिशेने जाणाऱ्या रेषा दातेरी असतील तर हेडची जुळणी बिघडली आहे. करड्या आयतात आडवे पट्टे असतील तर कागद पुढे सरकण्याचे माप चुकते आहे. हे दोन्ही दोष कॅलिब्रेशनने (यंत्राची जुळणी आणि मापे नीट करून घेण्याने) दुरुस्त होतात, म्हणून ते दिसले की यंत्र नाकारण्यापेक्षा कॅलिब्रेशन करून त्याच मोडमध्ये दुसरी शीट मागावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर त्यातूनही पुष्कळ काही समजते. शेवटी ओले बोट काळ्या आणि रंगीत रेषांवरून हलकेच फिरवावे, आणि थोड्या वेळाने हायलायटर ओढून पाहावा. मोजमाप मात्र कागद थोडा स्थिरावल्यावर घ्यावे, कारण ताज्या शाईने आणि हवेतल्या दमटपणाने साधा कागद फुगतो. जिथे कागदावरून काटेकोर माप घ्यायचे असते तिथे पॉलिस्टर फिल्म वापरतात, ती याच कारणाने.

स्कॅनर, टोनर आणि जुनी यंत्रे

जुन्या शीटवर केलेल्या खुणा वरचेवर डिजिटल करायच्या असतील तरच स्कॅनर जोडलेले यंत्र घ्यावे. अशा यंत्रांत बहुधा सीआयएस पद्धतीचा, म्हणजे कागदाला अगदी लागून वाचणारा स्कॅनर असतो. तो आटोपशीर असतो, पण घडी पडलेला किंवा उचललेला कागद त्यात अस्पष्ट येतो. वर्षातून दहा-पंधरा शीट स्कॅन करण्यासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

टोनरवर चालणारे मोठे एलईडी प्लॉटर वेगवान असतात, त्यांची शीट बाहेर येतानाच कोरडी असते आणि बसून राहिल्याने हेड वाळण्याचा प्रश्न त्यांना नसतो. पण त्यांची किंमत, वीज आणि जागा ही प्रत काढून देण्याच्या धंद्यासाठीच परवडते.

जुने यंत्र घ्यायचे असेल तर त्याच्या मेनूमधून वापराची माहिती छापून घ्यावी, हेडची स्थिती पाहावी, त्या मॉडेलची शाई अजून बनते का याची खात्री करावी, आणि झाकण उघडून कॅरेजचा (हेड इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचा) पट्टा बोटाने चाचपावा. जुन्या काही मॉडेलमध्ये हा रबरी पट्टा वयानुसार झिजून त्याचे तुकडे पडतात, आणि तो बदलायला यंत्र बरेच उघडावे लागते.

जागा, वीज आणि कागद

२४ इंची यंत्र साधारण एक मीटर आणि ३६ इंची यंत्र सव्वा मीटरहून अधिक रुंद असते. यंत्राच्या मापाबरोबर समोरची मोकळी जागाही मोजावी, कारण शीट तिथेच उतरते आणि रोल लावताना माणूस तिथेच उभा राहतो. वीज इंकजेटला फारच थोडी लागते, छापतानाही काही दहा वॉटच. त्यामुळे त्याला छोटा यूपीएस पुरतो आणि तो जरूर लावावा. छपाई चालू असताना वीज गेली तर कॅरेज कॅपवर (हेड झाकून ठेवणाऱ्या जागी) परत येत नाही आणि हेड उघडा राहतो. याच कारणाने यंत्र रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये. ते स्टँडबायवर राहू द्यावे किंवा त्याच्याच बटणाने बंद करावे.

कागदात ७५ ते ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) साधा बॉण्ड रोजच्या रेषांसाठी पुरतो, रंगीत भरावासाठी ९० किंवा त्याहून जाड कोटेड कागद लागतो, नाहीतर शीट लाटांसारखी वळते. रोलची आतली नळी २ इंची आहे की ३ इंची, हे यंत्राशी जुळवून घ्यावे. रोल पिशवीत आणि जमिनीपासून उंच ठेवावेत.

दरपत्रक मागवताना

विक्रेत्याकडून फक्त यंत्राची किंमत न मागता, पूर्ण संच कार्ट्रिज, एक प्रिंटहेड, एक मेंटेनन्स कार्ट्रिज, स्टँड आणि बसवणूक यांचे भाव वेगवेगळ्या ओळींत मागावेत. त्यासोबत वॉरंटी जागेवर येऊन देतात की यंत्र न्यावे लागते, तक्रारीनंतर माणूस किती तासांत येईल, हेड वॉरंटीत धरला आहे का, आणि हे मॉडेल बाजारात कधी आले, एवढे लेखी घ्यावे. नुकतेच बंद झालेले मॉडेल सवलतीत मिळते, पण काही वर्षांनी त्याची शाई शोधत फिरण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे.

पहिला महिना

यंत्र बसल्यावर आधी आपल्या कागदासाठी कॅलिब्रेशन करून तीच चाचणी शीट पुन्हा काढावी आणि तारीख घालून जपून ठेवावी. पुढे रेषा बिघडल्यासारख्या वाटल्या की तुलना तिच्याशी करता येते. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर ड्रायव्हरमध्ये १०० टक्के प्रमाण आणि योग्य रोल ही मूळ निवड म्हणून साठवून ठेवावी. पहिली भरणी झाल्यावर शाईच्या पातळ्या लिहून घ्याव्यात आणि शंभर शीटनंतर पुन्हा पाहाव्यात, म्हणजे आपल्या कामात प्रत्येक शीटला येणारा खरा खर्च हाती येतो आणि ग्राहकाला लावायचा प्रिंटचा दरही त्यावरून ठरवता येतो. आठवड्यात एकही काम नसेल तरी सगळे रंग वापरणारी एखादी लहान शीट काढावी. काळ्या शाईची एक आणि मेंटेनन्सची एक अशा दोन कार्ट्रिज कपाटात असाव्यात, बाकीच्या गर्दीच्या संचाआधी मागवाव्यात. कार्ट्रिजवर मुदतीची तारीख छापलेली असते, तिच्यापलीकडचा साठा करू नये.